गावरान कोंबड्या अंडी देतात पण अंडी उबवायला एकही खुडूक बसत नाही, काय चुकतंय?

परसदार_कर्जत | ३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार. आम्ही कर्जतला राहतो, घरामागे तीन गुंठे मोकळी जागा आहे. मामीने मे महिन्यात चिपळूणकडचं घर बंद केलं, तिचे गुडघे चालेनात, आणि तिच्या चार गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा माझ्याकडे आले. आजीच्या वेळेपासूनचा हा वंश आहे, मामीने पिल्लू कधी विकत आणलं नाही, फक्त दोन-तीन वर्षांनी कोंबडा बदलायची. ऑगस्टमध्ये त्यातली एक मुंगसाने नेली. आता एक भुरी, एक तांबडी आणि एक बोडक्या मानेची अशा तीनच राहिल्यात. शिवाय मी हौसेने दोन कडकनाथ आणल्यात.

अंडी रोज दोन-तीन तरी मिळतात. पण सहा महिने झाले, एकही खुडूक बसली नाही. मामीला फोन केला तर ती म्हणते आम्ही कुठे बसवत होतो, आपापल्या बसायच्या.

मी काय करते ते सांगते म्हणजे तुम्हाला कळेल. कपडे धुवायच्या दगडाजवळ शेड आहे त्यात प्लास्टिकचा क्रेट ठेवलाय, त्यात अंडी घालतात. सकाळ-संध्याकाळ मी अंडी काढते, कारण नाहीतर कावळे फोडतात. धुऊन फ्रीजमध्ये ठेवते. सापाच्या भीतीने खुराड्यात रात्रभर बल्ब असतो. खायला दुकानातलं लेअर फीड, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांचं खाद्य. कोंबडा चांगला आहे, सगळ्यांवर चढतो.

मशीनमध्ये अंडी घालायची नाहीयेत असं नाही, पण मला या कोंबड्यांनी स्वतः पिल्लं काढलेली हवीत. भुरी तीन वर्षांच्या पुढची आहे, ती गेली की तिच्यासारखी परत कुठून आणू. कृपया सांगा.

माणदेशी_मावशी | ३ नोव्हेंबर, रात्री १०:२५

ताई, अंडी रोज काढल्यावर ती बसेल कशावर? कोंबडीला घरट्यात अंड्यांचा ढीग पोटाला लागला पाहिजे. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि मग तिच्या अंगात येतं बसायचं. तुमच्या मामीकडे त्या पेंढ्याच्या उडवीत नाहीतर लाकडांच्या मागे लपून घालत असणार, मामीला पत्ताच नाही लागायचा आणि एक दिवस कोंबडी गायब, तीन आठवड्यांनी पिल्लं घेऊन अंगणात हजर. त्याला आपण आपोआप म्हणतो.

तुम्ही आता काय करा, पहिलं म्हणजे तो क्रेट तिथून उचला. पाणी सांडतंय, माणसं येतायत जातायत, पोरं ओरडतायत, अशा ठिकाणी ती अंडं घालून पळेल पण एकवीस दिवस बसणार नाही. कोपरा बघा, अंधाराचा, वारा नाही, कुत्रं मांजर फिरत नाही असा. तिथे बांबूची टोपली किंवा जुनी घमेली ठेवा, खाली बोटभर माती, वर भाताचा पेंढा हाताने चुरगाळून, मधे खोलगट करून. पेंढा ताठ ठेवू नका, अंडी कडेला गडगडतात. पुढून गोणपाट सोडा अर्ध्यापर्यंत, म्हणजे तिला आडोसा झाला.

आणि अंडी खरी ठेवायची नसली तर खोटी ठेवा. प्लास्टिकची मिळतात, लाकडाची सुतार करून देतो, आमच्याकडे पोरांचे जुने टेबल टेनिसचे बॉल ठेवून बघितले पण ते हलके, कोंबडीने पायाने उडवून दिले. वजन पाहिजे. मी शेवटी पांढरे गुळगुळीत गोटे आणले ओढ्यातून, अंड्याएवढे, सहा ठेवले. आठ दिवसांत काळी बसली. सुरवातीला गोटे गार लागतात म्हणून उन्हात ठेवून मग टोपलीत ठेवायचे, हे माझं मीच शोधलंय, खरं कारण तेच होतं का माहीत नाही पण बसली.

निवृत्त_पशुधन | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

मावशींनी मूळ दुखणं बरोबर धरलं आहे. थोडी भर घालतो, नोकरीत असताना हाच प्रश्न दर गावात ऐकला आहे.

खुडूक होणं हे कोंबडीच्या रक्तात असतं. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलं की ती अंडी घालणं थांबवते आणि बसते. व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींत माणसाने निवड करत करत हा गुण काढून टाकला, कारण बसलेली कोंबडी अंडं देत नाही. गिरिराज, वनराज या सुधारित जातीही बसत नाहीत असंच धरून चाला. कडकनाथ अंडी बरी देते पण बसायला कच्ची, बसली तरी मधेच उठते, त्यामुळे झाबुआकडे, म्हणजे कडकनाथच्या मूळ मुलखात सुद्धा तिची अंडी दुसऱ्या गावरान कोंबडीखाली ठेवतात. म्हणजे त्या दोघींकडून तुम्ही आशा ठेवू नका, त्यांची अंडी हवी तर भुरीखाली द्या. अंडं काळं नसतं, फिकट तपकिरी असतं, हे लोक दरवेळी विचारतात म्हणून लिहिलं.

गावरान आणि असील या मात्र खऱ्या आया. भुरी तीन वर्षांची आहे हे चांगलंच आहे, एकदा पिल्लं काढलेली कोंबडी तलंगीपेक्षा, म्हणजे नव्या कोवळ्या कोंबडीपेक्षा, जास्त भरवशाची. तिने मामींकडे काढली होती का ते विचारा.

आता तुमच्या चुका. रात्रभरचा बल्ब बंद करा. सापासाठी खुराड्याला बारीक छिद्राची जाळी मारा, दोन-अडीच सेंटिमीटरच्या जाळीतून बारीक साप आत येतो, अर्ध्या इंचाची घ्या. दुसरं, अंडी धुवायची नाहीत. अंड्यावर नैसर्गिक थर असतो, तो पाण्याने गेला की छिद्रांतून जंतू आत जातात. खायला धुवा, उबवायला नाही. तिसरं फ्रीज. फ्रीजमधलं अंडं उबवणीला ठेवू नका. मडकं घ्या, ओल्या वाळूत अर्धं रोवा, आत पेंढा घालून अंडी ठेवा, टोक खाली, वर फडकं. हिवाळ्यात सात-आठ दिवस छान राहतात. त्याहून जुनी नकोत.

आणि तिच्या पंखाखाली, शेपटीच्या मुळाशी पिसं उलटी करून बघा. उवा-पिसवा असतील तर कोणतीही कोंबडी टोपलीत बसणार नाही, बसली तरी चावून चावून तिला उठवतात. चुलीची राख मातीत मिसळून एक खड्डा करून द्या, ती स्वतः लोळेल. टोपलीत पेंढ्याखाली कडुलिंबाचा वाळका पाला.

यंत्रवाला_नाशिक | ४ नोव्हेंबर, सकाळी ११:०२

एवढा खटाटोप करण्यापेक्षा छोटं इन्क्युबेटर घ्या ना, ५०-६० अंड्यांचं मिळतं, ३७.५ डिग्रीला सेट केलं की झालं, अंडी फिरवायचं काम पण तेच करतं. माझ्याकडे तीन वर्षं आहे. फक्त इन्व्हर्टर पाहिजे. गेल्या वर्षी पहिल्या बॅचला अठराव्या दिवशी रात्री लाइट गेली ती सकाळी आली, ४० अंड्यांतली ३ पिल्लं निघाली, ती रात्र मी पांघरुणं घालत काढली. इन्व्हर्टर घेतल्यापासून काही त्रास नाही. पण पिल्लांना नंतर बल्बखाली ठेवायचं, पाणी, वास, सगळं आपल्यावर येतं हे खरं आहे.

दापोलीकर | ४ नोव्हेंबर, दुपारी ३:३५

यंत्रवाले दादा तुमचं बरोबर आहे पण ताईंना वंश राखायचाय, नुसती पिल्लं नकोयत. मशीनमधलं पिल्लू घार आली की बघत उभं राहतं हो. कोंबडी एकच आवाज काढते, बारीक लांबलेला, आणि पिल्लं जिथे असतील तिथे पाल्याखाली गप्प. हे शिकवायला आई लागते. किडा कसा उकरायचा, मुंगळा खायचा नाही, पाण्याच्या भांड्यात उडी मारायची नाही, सगळं ती शिकवते.

आमच्याकडे याला रवणावर बसणं म्हणतात. माझी आई दिवाळी झाली की पहिली रवण घालायची. तुम्ही पण आत्ताच करा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोन्यासारखा काळ. एप्रिल-मेमध्ये अंडी टोपलीत पडल्या पडल्या उन्हाने आतून सुरू होतात आणि मरतात, कोंबडी पण तहानेने सारखी उठते. पावसाळ्यात पिल्लांना रक्ताची हगवण लागते, ओल आणि चिखल, दहातली तीन राहतात.

एक सांगायचं राहिलं, टोपलीत लोखंडी खिळा आणि कोळसा ठेवतात गडगडाटाने अंडी मरू नयेत म्हणून. आई अजून ठेवते. मी काढत नाही, ठेवलेल्याने काही बिघडत नाही.

परसदार_कर्जत | ४ नोव्हेंबर, रात्री ९:५५

बाप रे, म्हणजे सगळंच उलटं करत होते. सगळ्यांचे खूप आभार. मामीला विचारलं, भुरीने दोनदा पिल्लं काढलीयेत, दुसऱ्या वेळी अकरा!! आज क्रेट काढला, लाकडं ठेवायच्या खोलीत कोपऱ्यात टोपली मांडली, बल्ब बंद. काळजाचं पाणी झालंय सापाच्या नावाने पण उद्या जाळीवाला येतोय.

दोन शंका. ती बसली आहे की नुसती अंडं घालायला बसलीये हे कळणार कसं? आणि लेअर फीड बंद करू का?

माणदेशी_मावशी | ५ नोव्हेंबर, दुपारी १:१५

अंडं घालायला बसलेली कोंबडी तासाभरात उठते आणि ओरडून गाव गोळा करते. खुडूक झालेली गप्प होते. टोपलीत अशी पसरते की भाकरी थापल्यासारखी चपटी, पंख दोन्ही बाजूंनी सोडलेले, मान आखडलेली, डोळा एका जागी लागलेला. हात नेला की पिसं फुलवून घशातून गुरगुरते, टोचतेसुद्धा, एरवी अंगावर खेळणारी असली तरी. खाली उतरली तर खुडूक खुडूक करत पंख फुगवून चालते, त्यावरूनच नाव पडलं. छातीची पिसं स्वतः उपटते, हात लावून बघा तिथे कातडी उघडी आणि तापलेली लागते. तुरा फिका पडतो. आणि दिवसातून एकदाच उठते तेव्हा एवढी मोठी शिट टाकते आणि असा वास, की तुम्हाला वाटेल आजारी पडली. आजारी नसते.

रात्री बघा. सगळ्या कोंबड्या दांडीवर गेल्या आणि एक टोपलीत राहिली तर ओळखा. पण लगेच चांगली अंडी देऊ नका. दोन रात्री गोट्यांवर बसू द्या, पक्की झाली की तिसऱ्या रात्री अंधारात गोटे काढून अंडी सरकवा. सगळी एकाच रात्री.

हे सगळी एकाच रात्री का ते सांगते, माझ्या हातून झालंय. पहिल्या वर्षी मला कळत नव्हतं, रोज एक एक अंडं तिच्याखाली ठेवत गेले, दुसऱ्या कोंबड्या पण तिच्यात येऊन घालायच्या, मला वाटलं जेवढी जास्त तेवढं बरं. एकविसाव्या दिवशी चार पिल्लं निघाली, बाविसाव्याला दोन. तेविसाव्या दिवशी ती पिल्लं घेऊन चरायला निघून गेली, मागे सात अंडी. एक कानाला लावलं तर आतून चिवचिव ऐकू येत होती. मी चुलीशेजारी कापसात ठेवलं, लेकीच्या मांडीवर ठेवलं, नाही वाचलं. तेव्हापासून अंड्यावर पेन्सिलीने रेघ मारते, बिनरेघेचं दिसलं की ते दुसरीने घातलेलं, काढून घ्यायचं. आणि बसलेलीवर डालगं (बांबूचं मोठं टोपलं) झाकते, रोज एकदा उठवायच्या वेळी काढते.

निवृत्त_पशुधन | ५ नोव्हेंबर, सायं. ६:४५

खाण्याचं. घालत्या कोंबड्यांना फीड चालू ठेवा. बसलेलीला मात्र मका भरडा, तांदळाची कणी, ज्वारी असं कोरडं धान्य द्या, त्याने पोट भरलेलं राहतं आणि शिट घट्ट येते, अंडी घाण होत नाहीत. दाणा-पाणी टोपलीपासून दोन हातांवर ठेवा, अगदी चोचीशी नको. पंधरा-वीस मिनिटं ती उठते, खाते, राखेत लोळते, परत जाते. तेवढ्याने अंडी गार पडत नाहीत, घाबरून हाकलू नका. दिवसभर उठलीच नाही तर तुम्ही अलगद उचलून खाली ठेवा, आधी पंखाखाली हात घालून बघा, अंडं अडकलेलं असतं आणि पडून फुटतं.

अंडी नऊ-दहाच द्या. जास्त दिली तर कडेची गार राहतात, ती मधे सरकवते, मग दुसरी कडेला जातात, सगळीच बिघडतात.

सातव्या दिवशी रात्री बॅटरीवर बघा. बुटाच्या खोक्याला भोक पाडा, आत मोबाईलचा टॉर्च, भोकावर अंड्याची जाड बाजू. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा आणि मधे हलणारा काळा ठिपका दिसतो. सगळं पिवळं स्वच्छ दिसलं तर ते फळलेलं नाही, काढून टाका. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नका, काही बघायचं नाही.

उरुळी_फार्म | ६ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

माझं उलटं आहे. माझी एक असील दर दीड महिन्याला खुडूक होते, अंडी नसली तरी रिकाम्या टोपलीत बसते. गावात म्हणतात नाकातून पीस घाल म्हणजे उतरते. करू का?

निवृत्त_पशुधन | ६ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

अजिबात नको. तो जनावराचा छळ आहे, ती जखमेने आणि उपाशी राहून उतरते. जाळीच्या तळाचा पिंजरा घ्या, चार विटांवर ठेवा म्हणजे पोटाला खालून वारा लागेल, पेंढा नाही, दाणा-पाणी भरपूर, उजेडात. तीन-चार दिवसांत उतरते. किंवा सरळ तिला अंडी द्या, ताईंसारखे लोक अशी कोंबडी शोधत असतात.

परसदार_कर्जत | २ डिसेंबर, सकाळी ६:३०

भुरी बसलीये!!! गोटे ठेवून बारा-तेरा दिवस काहीच नव्हतं, मी आशा सोडली होती. मग बोडक्या मानेची आणि भुरी दोघी एकाच टोपलीत घुसायला लागल्या, म्हणून दुसरी टोपली मांडली शेजारी. परवापासून भुरी रात्री उतरेना. काल रात्री साडेनऊला टॉर्चवर कापड बांधून मी आणि मुलगा गेलो, तो गोटे काढत होता आणि मी अंडी सरकवत होते. नऊ दिली, सहा आपली आणि तीन कडकनाथ, सगळ्यांवर रेघ. तिने माझ्या मनगटावर दोनदा टोचलं, मग चोचीने एक एक अंडं स्वतःच आत ओढून घेतलं. आम्ही श्वास रोखून बघत होतो.

खिळा ठेवलाय दापोलीकर दादा. मामीने सांगितलं होतं न विचारता.

परसदार_कर्जत | ८ डिसेंबर, रात्री १०:१०

बॅटरीवर बघितलं. आठांत शिरा आहेत, एक कडकनाथचं कोरं निघालं. काळा ठिपका हलताना मुलाने पाहिला आणि तो रात्री झोपेचना.

परसदार_कर्जत | २२ डिसेंबर, रात्री ८:५०

काल संध्याकाळीच भुरीचा आवाज बदलला होता, अगदी हळू, कुक् कुक्, अंड्यांशी बोलल्यासारखा, आणि आतून उत्तर येत होतं. मावशी तुम्ही सांगितलेलं ते कानाला लावलेलं अंडं आठवून मी हात मागे घेतला, काही उचललं नाही. पहाटे टोपलीच्या कडेला अर्धं टरफल. सकाळी पंखातून एक पिवळं डोकं बाहेर आलं. दुपारपर्यंत सात. त्यातली दोन काळीकुट्ट, चोचीसकट. एक अंडं राहिलंय, टोचा पडलाय पण सकाळपासून तसंच आहे. फोडून मदत करू का?

मामीला व्हिडिओ कॉल लावला. ती काही बोललीच नाही बराच वेळ, मग म्हणाली भुरीला आधी पाणी दे.

निवृत्त_पशुधन | २२ डिसेंबर, रात्री ९:०५

फोडू नका. टोचा पडल्यावर चोवीस तासही लागतात, आतलं पिवळं पोटात ओढलं जात असतं, घाई केली तर रक्तस्राव होतो. भुरी बसून आहे तोवर तसंच राहू द्या. पिल्लांना आज खायला द्यायची घाई नाही, पोटातल्या पिवळ्यावर दोन दिवस निघतात. पाणी मात्र उथळ बशीत, मधे खडे टाकून, बुडू नयेत म्हणून.

पाचव्या-सातव्या दिवशी मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस डोळ्यात एक थेंब. बाटली मोठी येते आणि कालवली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून शेजारी ज्यांच्याकडे कोंबड्या असतील त्यांना सांगून एकाच दिवशी करा. बाटली बर्फात आणा.

दापोलीकर | २२ डिसेंबर, रात्री ९:३०

अभिनंदन ताई. पहिले आठ-दहा दिवस सकाळी ऊन आल्यावर सोडा आणि मोठ्या डालग्याखालीच फिरू द्या, घार आणि कावळा दोन्ही टपून असतात. आणि कोंबडा जवळ आला तर घाबरू नका, भुरी बघून घेईल.

परसदार_कर्जत | २३ डिसेंबर, सकाळी ७:१५

आठवं पण निघालं. बोडक्या मानेचं आहे. आणि दुसऱ्या टोपलीत बोडकी काल रात्री उतरली नाही, गोट्यांवर बसून आहे, हात नेला तर गुरगुरली. आज मडक्यातली अंडी मोजते.